कारभारी जेवत नाहीत

टेबलावर सूप निवत होतं आणि कारभाऱ्यांनी वाटीकडे पाठ फिरवली होती.

"घे रे," बाबा म्हणाले. "गाजर आहे. किसलेलं. तुला आवडतं ना?"

कारभाऱ्यांनी एक पाय उचलून पोटाच्या पिसांत खुपसला आणि डोळे अर्धवट मिटले. चर्चा संपली असं सांगायची ही त्यांची पद्धत होती.

"बरं, मी खातो. बघ हं. हा चमचा. हे सूप." बाबांनी चमचा तोंडात रिकामा केला. "आहाहा! काय झकास झालंय!"

हे 'आहाहा' इतकं खोटं होतं की एखाद्या हौशी नाटक मंडळीनेही त्यांना दारातून परत पाठवलं असतं. कारभाऱ्यांनी एक डोळा उघडला. बाबांना हुरूप आला. त्यांनी पावाचा तुकडा बुडवून खाल्ला, मग दुसरा खाल्ला, मग वाटी संपली म्हणून पुन्हा भरून घेतली. दुसरी वाटी तळाला गेली तेव्हा कुठे कारभारी उपकार केल्यासारखे वळले, गाजराचा एक तंतू चोचीत धरला आणि खाली टाकला.

"खाल्लं! बघितलंस? खाल्लं त्याने!"

"खाल्लं हो," स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी असलेली लेक म्हणाली.

पोपट का जेवत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाबा फिरून येऊन आंघोळीला गेले होते, तेवढ्यात गॅलरीत तिनेच त्याला मूठभर सूर्यफुलाच्या बिया चारल्या होत्या.

कारभारी मुळात आईचे. अंगाने राखाडी, शेपूट लालभडक, नजर थेट हिशेबनिसाची. नाव आईनेच ठेवलं होतं. "स्वतः काडीचं काम करायचं नाही आणि उंचावर बसून सगळ्यांवर लक्ष ठेवायचं. मग दुसरं काय म्हणू?" हा टोमणा नक्की कोणाला आहे याची बाबांनी तेव्हा चौकशी केली होती. आईने उत्तर दिलं नव्हतं.

इतक्या वर्षांत कारभाऱ्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. आवाज मात्र घरातले झाडून सगळे काढायचे. दाराची घंटी, फोन, कुकरची शिट्टी, बाबांचं शिंकरणं. आणि सगळ्यांत हुबेहूब, आईचा डाव. त्या घरात जेवायला कोणी कोणाला हाक मारत नसे. आई पातेल्याच्या कडेवर डाव दोनदा आपटायची, टण् टण्, की असेल तिथून उठायचं, हात धुवायचे आणि बसायचं. "अगं, आलो, आलो!" असं बाबा आतून ओरडायचे. एकदा कारभाऱ्यांनी ऐन दुपारी तो आवाज काढला. बाबा झोपेतून उठले, हात धुऊन टेबलाशी येऊन बसले आणि जेवण कुठे आहे म्हणून वर रागावलेसुद्धा. आई त्या दिवशी हसता हसता पिठाच्या डब्यावर बसली होती.

आई गेली आणि कारभाऱ्यांनी तो आवाज टाकला. घंटी चालू होती, फोन चालू होता, शिट्टी चालू होती. डाव बंद. बाप-लेक दोघांच्याही ते लक्षात आलं होतं. त्यावर बोललं कोणीच नव्हतं.

मग त्यांनी खाणंही टाकलं. बाबांनी तर ते आधीच टाकलं होतं. "भूक नाही" एवढ्या दोन शब्दांवर त्यांचा दिवस निघायचा. एका सकाळी ते खिळा आणि हातोडी घेऊन पट्ट्याला नवं भोक पाडायला बसले. लेक कामाला निघाली होती, ती जिन्यात थोडा वेळ उभी राहिली आणि मग गेली. ती दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात काम करायची. दिवसभर दुसऱ्यांनी नीट चावून खावं म्हणून खपायचं आणि घरी येऊन न जेवणाऱ्या माणसासमोर बसायचं, असा तिचा दिनक्रम झाला होता.

पोपटाच्या छातीचं हाड वर आलं तेव्हा त्याला पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई हुशार आणि तोंडाच्या फटकळ. त्यांनी कारभाऱ्यांना उलटंपालटं करून पाहिलं.

"आजार काही नाही. हे पक्षी थव्याने जेवतात. थवा जेवायला लागला की हे जेवतात. याचा थवा कोण?"

बाप-लेकीने एकमेकांकडे पाहिलं. "आम्ही दोघं," बाबा म्हणाले.

"मग थवा जेवतो का वेळेवर?"

थव्याने खिडकीबाहेर पाहिलं.

"त्याच्यासमोर बसून जेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि चवीने जेवा. पक्ष्यांना कळतं."

त्या संध्याकाळी बाबा कित्येक दिवसांनी टेबलाशी बसले. स्वतःसाठी नव्हे, पोपटासाठी. दोन घास खाल्ले, चार घास खाल्ले. कारभाऱ्यांनी मान वाकडी करून पाहिलं आणि वाटीत चोच घातली. आठवड्याभरात पट्टा जुन्या भोकावर आला. लेकीला वाटलं, आता निभावलं.

आणि एका दुपारी कारखान्यातली वीज गेली म्हणून ती लवकर घरी आली. बाबा बाहेर गेले होते. पिंजऱ्याचं दार उघडं होतं आणि कारभारी एकटेच वाटीत मान खुपसून गाजराचे तुकडे चहूकडे उडवत जेवत होते. समोर थवा नव्हता, कोणी 'आहाहा' म्हणत नव्हतं, काही अडलं नव्हतं.

वास्तविक तिला आनंद व्हायला हवा होता. पण पहिला विचार मनात आला तो हा, की बाबांना हे कळता कामा नये. पोपट एकटा जेवतो हे कळलं की बाबांचं जेवायचं कारणच संपलं.

दुसऱ्या दिवशी येताना तिने सूर्यफुलाच्या बिया आणल्या. बाबा आंघोळीला गेले की गॅलरीत जायचं, मूठ उघडायची आणि कुजबुजायचं, "पटकन खा. बाबा येतील. आणि टेबलावर काय करायचं? पाठ फिरवायची. शाबास." कारभारी जात्याच हुशार. भरल्या पोटी वाटीकडे पाठ फिरवायला त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी बाबा त्यांच्यासमोर दोन-दोन वाट्या सूप पीत होते.

फक्त सकाळचं गणित तिला उलगडत नव्हतं. सकाळी पोपटाला भूक हवी, तर सकाळीही तो तोंड फिरवायचा.

"बघ, तू नुसता चहा घेऊन पळतेस ना, मग हा दिवसभर उपाशी राहतो," बाबा तिला सांगायचे. "काल तू अंडं खाल्लंस, तर यानेही चार घास खाल्ले. दहा मिनिटं बस की गं. तुझ्यासाठी नाही म्हणत मी. मुका जीव आहे."

तिला आतून टोचायचं. नक्कीच रात्रभर बिया पोटात बसत असणार, आपणच त्याची भूक मारली. मग त्या अपराधापोटी ती बसायची आणि एक अंडं, दोन पाव, वर फळ असं सगळं पोपटाला दाखवून दाखवून खायची.

कारभाऱ्यांचा कारभार मात्र दिवसेंदिवस रुंद होत चालला. पिंजऱ्यातली दांडी मधोमध वाकली. पडद्याच्या दांडीवरून फ्रिजवर जाणं म्हणजे पूर्वी एक सुरेख गिरकी असायची. आता ते निव्वळ पडणं झालं होतं, पंख फक्त दाखवण्यापुरते हलायचे. एका रविवारी खालच्या मजल्यावरच्या काकू विणकाम घेऊन गप्पा मारायला आल्या होत्या. कारभाऱ्यांनी पडद्यावरून झेप घेतली आणि अर्ध्या वाटेत विचार बदलल्यासारखे सरळ काकूंच्या मांडीवर आदळले. सुया एकीकडे, लोकर दुसरीकडे.

"अगं बाई! हा पोपट आहे की बदक?"

"पिसं झडायचा मोसम आहे," बाबा घाईने म्हणाले. "त्या दिवसांत ते जरा जड दिसतात."

"पिसं झडल्यावर जड?"

"दिसतात. असतात असं नाही."

"माझ्या मांडीला विचारा," काकू म्हणाल्या.

बाबांच्या म्हणण्याला पुरावाही होता. ते वजनमापांचे निवृत्त निरीक्षक. सारी नोकरी दुकानांत शिरून लोकांचे तराजू तपासण्यात गेलेली. शहरात कोणी काटा मारला की बाबांना तो दारातूनच दिसायचा, अशी त्यांची ख्याती. निवृत्तीच्या दिवशी मिळालेला पितळी तराजू कपाटावर असायचा आणि दर रविवारी कारभाऱ्यांना एका पारड्यात बसवून त्यांचं वजन व्हायचं. बाबा दुसऱ्या पारड्यात वजनं मांडायचे, काटा स्थिर व्हायची वाट पाहायचे आणि जाहीर करायचे, "जसंच्या तसं. गुंजभर फरक नाही."

लेक तराजूकडे बघायची, पोपटाकडे बघायची आणि स्वतःची समजूत घालायची. बाबांचा काटा चुकेल हे शक्यच नव्हतं.

पण जिना चढताना लागते तशी धाप कारभाऱ्यांना बसल्या जागी लागू लागली, तेव्हा पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे जावं लागलं. बाईंनी त्यांना आपल्या काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला, चष्मा काढून पुन्हा पाहिला.

"हा तोच पोपट आहे ना?"

"म्हणजे काय!"

"मागच्या वेळी आणला होता त्याच्या दीडपट भरला. काय खातो?"

"गाजर," बाबा म्हणाले.

"पालेभाजी," लेक म्हणाली. "भिजवलेलं धान्य. कधी सफरचंदाची फोड."

"आणि?"

"आणि काही नाही," दोघं एका सुरात म्हणाले.

"बिया? शेंगदाणे?"

"छे, छे!" हेही एका सुरात.

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "गाजर खाऊन एवढी चरबी चढत असेल तर मला यावर प्रबंध लिहावा लागेल."

लेकीचे कान तापले. सुटकेची एकच वाट तिला दिसली. "बाबा, इथला काटाच चुकत असेल. घरी तर वजन जसंच्या तसं भरतं. तुमची वजनं आहेत ना पिशवीत? तपासा ना."

बाबांच्या पिशवीत तपासणीच्या वजनांची डबी कायम असायची. एरवी दुसऱ्याचा काटा तपासायला मिळाला की त्यांना पेढा मिळाल्यासारखं व्हायचं. आज ते डबी उघडायला तयार नव्हते.

"राहू दे गं. बाईंचा अपमान होतो."

"माझा नाही होत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तपासाच."

बाबांनी रुमालाने कपाळ पुसलं. चिमट्याने एक वजन ठेवलं, मग दुसरं, मग दोन्ही मिळून. लेक मनातल्या मनात प्रार्थना करत होती. बाबा बराच वेळ वाकून आकडा बघत राहिले. त्या एका क्षणात ते काहीही म्हणू शकले असते. पण खऱ्या काट्याला खोटा म्हणणं त्यांच्या जिभेला जमण्यासारखं नव्हतं.

"काटा बरोबर आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "अगदी बरोबर आहे."

"मग ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि आता त्यांच्या आवाजातली थट्टा गेली होती. "याच्या यकृतावर ताण आलाय. हे असंच चालू राहिलं तर हा फार दिवस काढणार नाही. पक्षी स्वतः फ्रिज उघडत नाही. कोणीतरी देतंय म्हणून तो खातोय. ते कोण, ते तुमचं तुम्ही बघा."

परतताना पिंजरा दोघांच्या मधे होता. हात अवघडला की तो न सांगता या हातातून त्या हातात जात होता. आईचा पोपट होता तो. आई गेल्यावर तिचं म्हणून जिवंत असं घरात एवढंच उरलं होतं.

त्या संध्याकाळी लेकीने बिया दिल्या नाहीत. भीत भीत टेबलाकडे बघत राहिली. कारभाऱ्यांनी वाटीत डोकावलं, तेवढ्यात बाबाच उठून म्हणाले, "मला आज भूक नाही," आणि खोलीत गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. पोपट वाचवावा तर बाबा जेवत नाहीत, बाबांना जेववावं तर पोपट जातो.

बरं, पोपट वाचतोय म्हणावं तर तेही नाही. सकाळी तो अजूनही वाटीकडे पाठच फिरवत होता. बिया बंद होऊन आठवडा होत आला तरी धाप होती तशीच. म्हणजे आपल्याशिवाय आणखी कोणीतरी आहे. संशय घ्यायला घरात येणारं-जाणारं बाहेरचं एकच माणूस होतं. ती खाली गेली.

"काकू, राग मानू नका. तुम्ही कारभाऱ्यांना काही खायला देता का?"

"मी?" काकूंनी सुया खाली ठेवल्या. "मी त्याला कशाला देऊ? तोच माझं घेतो. मागे स्वेटरचं बटण खाल्लं मेल्याने. आणि उलट मलाच विचारतेस? तुमच्या गॅलरीतून टरफलं पडून पडून माझ्या कुंड्यांतली माती दिसत नाहीशी झाली!"

लेक वरमली. "सूर्यफुलाची ना? ती आता पडणार नाहीत, काकू."

"ती संध्याकाळची. ती बंदच झालीत. मी सकाळच्या शेंगदाण्यांबद्दल बोलतेय."

"सकाळच्या?"

"सकाळी शेंगदाणे, संध्याकाळी सूर्यफूल. मी म्हटलं, काय थाट आहे! आम्हाला एवढं कोणी दोन वेळा विचारत नाही."

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. नेहमीप्रमाणे टॉवेल खांद्यावर टाकून ती न्हाणीघरात गेली, शॉवर सोडला, दार बाहेरून अलगद ओढून घेतलं आणि अनवाणी गॅलरीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

बाबा स्टुलावर बसले होते. मांडीवर शेंगांची पिशवी. समोर कठड्यावर कारभारी, गिऱ्हाइकाच्या रुबाबात.

"पटकन खा," बाबा कुजबुजत होते. "आज एकच हं, डॉक्टरीणबाई रागावल्यात. बरं, दोन. ती येईल आता आंघोळीहून. आणि टेबलावर काय करायचं? पाठ फिरवायची. शाबास. नाहीतर ती नुसता चहा ढोसून पळेल बघ."

शब्दन् शब्द तिचा होता. फक्त आवाज बाबांचा होता.

"बाबा."

बाबा उडाले. शेंगा गॅलरीभर सांडल्या. कारभाऱ्यांनी प्रसंग ओळखून दाराची घंटी वाजवली, पण दार उघडायला कोणी गेलं नाही.

"हे काय चाललंय?"

"काही नाही. टरफलं गोळा करत होतो."

"बाबा!"

बाबांनी एक शेंग उचलली, तिच्याकडे पाहिलं, खाली ठेवली. "मग काय करू? तुझी आई गेल्यापासून तू चहावर जगतेस. तुझ्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती. जेव म्हटलं की म्हणायचीस भूक नाही. पोपट उपाशी राहतो म्हटलं की तेवढी बसायचीस. म्हणून याचं पोट आधीच भरून ठेवायचो."

"मी पोपटासाठी बसत नव्हते हो. मला वाटायचं, माझ्यामुळेच त्याची भूक मेलीय. त्याचं वाईट वाटून बसायचे."

"तुझ्यामुळे? तू काय केलंस?"

ती आत गेली आणि पिठाच्या डब्यामागून बियांची पिशवी घेऊन आली. बाबांनी ती हातात घेतली, सवयीने तळव्यावर तोलली. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर सगळा हिशेब उमटत गेला.

"म्हणजे संध्याकाळी तो जेवत नव्हता ते..."

"हो."

"आणि मी त्याच्यापुढे बसून 'आहाहा, आहाहा' करत होतो..."

"हो बाबा."

"दोन-दोन वाट्या?"

"गेल्या आठवड्यापर्यंत."

"मला वाटायचं, माझ्याच सकाळच्या शेंगदाण्यांनी त्याची भूक मारली! त्या भीतीने मी ते दुधीचं सूप पीत होतो. मला दुधी आवडत नाही गं!"

"मग सांगायचं ना!"

"कसं सांगणार? पोपट बघत होता!"

ती आधी हसली की बाबा, हे सांगता येणार नाही. पण हसता हसता बाबांना ठसका लागला आणि तिला कठडा धरावा लागला. खालून काकूंचा आवाज आला, "काय झालं गं? पडला का पुन्हा?"

"तरीच म्हटलं," डोळे पुसत बाबा म्हणाले, "मी देतो दाणे ते देतो किती, आणि वजन वाढतं किती!"

"वाढतं?" ती थबकली. "दर रविवारी तर तुमच्या काट्यावर गुंजभर फरक पडत नव्हता."

बाबा उठले, कपाटावरचा तराजू खाली काढला आणि वजनांचं पारडं उलटं केलं. तळाला मेणात बसवलेली शिशाची एक चकती होती. दर आठवड्याला थोडी थोडी भर घालून ती चांगली गुबगुबीत झाली होती, थेट पोपटासारखी.

"आयुष्यभर मी लोकांच्या पारड्यांखाली हेच शोधलं," ते म्हणाले. "सापडलं की दुकानदार हात जोडून म्हणायचे, साहेब, पोटासाठी केलं. मी म्हणायचो, सगळे हेच म्हणतात."

तिने ती चकती नखाने उकरून काढली आणि त्यांच्या खिशात टाकली. "माफ," ती म्हणाली.

"अगं, आत पाणी वाहतंय का?"

मग शॉवर बंद करायला दोघंही धावले.

त्या दिवशी घरात नवा कायदा झाला. बिया बंद, शेंगा बंद, नाटकं बंद. पोपटाला डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं तेवढंच मिळणार. माणसांपैकी ज्याला भूक लागेल त्याने जेवावं, कोणी कोणाला भरीस पाडायचं नाही. दोन्ही पक्षांनी हे मान्य केलं आणि दिवसभर मोठ्या सभ्यतेने काढला. दुपारी तिने उभ्याउभ्या पावाचा तुकडा खाल्ला. बाबांनी बिस्किट खाल्लं.

संध्याकाळ झाली. बाबा खुर्चीत पेपर धरून बसले. लेक टेबलाच्या टोकाला घरी आणलेली एक कवळी घासत होती. स्वयंपाकाचं तिने विचारलं नाही, कारण विचारलं तर भरीस पाडल्यासारखं झालं असतं. बाबांनीही त्याच कारणाने विचारलं नाही. घरात मोकळेपणा आला होता खरा, पण आपल्याच घरात कोणत्या कपाटात काय ठेवलंय ते आठवत नसावं तसं दोघांना चुकल्यासारखं वाटत होतं.

कारभाऱ्यांची वाटी भरलेली होती. सकाळच्या दोन शेंगांनंतर त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. ते दांडीवरून सरकत वाटीपाशी आले. गाजराकडे पाहिलं. मग मान वर करून टेबलाकडे पाहिलं. दोन्ही जागा रिकाम्या. ते वाटीपासून मागे सरकले.

"खा की रे," लेक म्हणाली. "आता तर खरंच भूक लागली असेल."

"मी बघतसुद्धा नाही तुझ्याकडे," बाबा पेपरामागून म्हणाले. "खा निवांत."

कारभारी खाईनात.

"हा एकटा जेवतो, बाबा. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"तेव्हा जेवत असेल. नंतर आपण दोघांनी मिळून, सकाळ-संध्याकाळ, त्याला काय पढवलंय ते आठव. आधी माणसांनी बसायचं, खायचं, मग याने वळायचं. शिकला तो."

"मग आता काय करायचं?"

बाबांनी पेपराचं पान उलटलं. तिने कवळीवर फुंकर मारली. खिडकीबाहेर कोणीतरी सायकल लावल्याचा आवाज आला आणि मग घर शांत झालं.

टण् टण्.

बाबांनी पेपर ठेवला. तिने कवळी ठेवली. दोघं उठले, बेसिनपाशी गेले. बाबांनी साबण तिच्याकडे सरकवला, तिने नळ त्यांच्यासाठी चालू ठेवला. दोघांनी एकाच टॉवेलच्या दोन टोकांना हात पुसले, येऊन आपापल्या जागी बसले, खुर्च्या पुढे ओढल्या.

मग दोघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं.

"मी नाही वाजवलं," ती म्हणाली.

"मी कशाला वाजवतोय? मी तर इथे..."

टेबलावर खायचं म्हणून काहीही नव्हतं. फक्त कोणा अनोळखी माणसाची वरची कवळी होती आणि ती दोघांकडे बघून हसत होती.

पिंजऱ्यातून कारभाऱ्यांनी एक डोळा बाबांवर लावला, मग मान फिरवून दुसरा लेकीवर लावला. दोघं बसल्याची खात्री झाल्यावर ते तुरुतुरु वाटीपाशी गेले आणि त्यांनी गाजरात चोच घातली. कुरुम कुरुम आवाज येऊ लागला.

"साबण गेला डोळ्यात," बाबा म्हणाले.

"हो. माझ्याही."

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "अंडी आहेत का घरात?"

"आहेत. थांबा, मी करते."

"तू बस. दोघं उठलो तर हा जेवण टाकेल. मी करतो."

बाबा ओट्याकडे गेले. तवा तापला, तेल तडतडलं. कारभाऱ्यांनी खाणं थांबवून रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. त्यांना हा उशीर पसंत नसावा.

टण् टण्.

"अगं, आलो, आलो!" बाबा आतून ओरडले.

मग स्वयंपाकघरातून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. लेक उठली नाही. दाराकडे पाठ करून हात टेबलावर ठेवून बसून राहिली. करपल्याचा वास येऊ लागला, तेव्हा उलथन्याची खडखड पुन्हा सुरू झाली.

बाबा दोन ताटल्या घेऊन आले. अंड्यांच्या कडा काळ्याठिक्कर पडल्या होत्या. त्यांनी एक ताटली तिच्यापुढे ठेवली, एक स्वतःपुढे घेतली, आणि दोघांनी ते करपलेलं अंडं शेवटच्या तुकड्यापर्यंत चवीने खाल्लं. डॉक्टरीणबाईंनी तसंच सांगितलं होतं.